गैरहजर तानुबाई

॥ श्री ॥
पिंपळगाव राजा,
३ फेब्रुवारी २०२६

ती. संजीवनीताईस शालिग्रामचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र काऊन, म्हणशील. आपल्या पापडाच्या कारखान्यात खोल्या दोन अन् बायका अकरा. मी फोनवर हॅलो म्हटलं की अकरा लाटणी एकदम थांबतात. गोष्ट त्यांचीच आहे, म्हणून कागदावर. तू एकतीस वर्षं कामगार कार्यालयात काढलीस, तेव्हा विचारणार तरी दुसऱ्या कोणाला?

मागच्या महिन्यात मी हजेरीचं यंत्र बसवलं. अंगठा लावायचा, यंत्र माणूस ओळखते अन् हजेरी लागते. पहिल्या दिवशी त्यानं पाच जणी ओळखल्या, दुसऱ्या दिवशी दोन. आठवड्यानंतर एकही नाही. आत एक बाई बोलते, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." आमच्या बायका तिच्याशी भांडू लागल्या, की रोज रोज तेच काऊन म्हणते बाई, तुले दुसरं काही येत नाही का? महिनाअखेर कागद निघाला तर सगळ्या जणी जवळपास महिनाभर गैरहजर, आणि कोठी पापडांनी भरलेली!

मी म्हटलं, अंगठा नीट दाबत नाहीत, शिस्त नाही. सोमवारी सगळ्यांसमोर तसं बोललो. तर तानुबाईनं लाटणं खाली ठेवलं. म्हणे, यंत्र म्हणते मी आलीच नाही, मंग काम कोण करून राह्यलं? आणि हात मांडीवर ठेवून बसली. माझं डोकं फिरलं. उद्यापासून कामावरून काढलं, असं मी जोरात सांगितलं. त्यावर ती शांतपणे म्हणाली की, गैरहजर माणसाले काढता येत नाही भाऊ, त्याच्यासाठी थो हजर लागते.

आज सकाळी नऊला ती डबा घेऊन हजर. काम करत नाही, घरीही जात नाही. मलकापूरच्या लग्नाचे साठ किलो उडदाचे पापड सत्तावीस तारखेला द्यायचे आहेत. तिला काढायचं कसं, ते एका ओळीत कळव.

तुझ्या भावजयीचा, अन्नपूर्णेचा नमस्कार. माया आहेच, या खेपेस थोडा कायदाही पाठवावा.

तुझा,
शालिग्राम


॥ श्री ॥
हिवरा आश्रम,
८ फेब्रुवारी २०२६

चि. शालिग्राम यास संजीवनीचे अ. उ. आ.

पत्र पावले. एका ओळीत माणूस काढता आला असता, तर सरकारने मला एकतीस वर्षे पगार दिला नसता.

पहिला प्रश्न. ज्यांना तू काढतो आहेस, त्यांना नेमले कधी होतेस? तानुबाईंना नेमणूकपत्र दिले आहे का? आता नव्या कामगार संहितेप्रमाणे प्रत्येकाला ते द्यावे लागते. तुझ्याकडे एकाही बाईजवळ नसणार, हे मी इथे बसून सांगते. दुसरा प्रश्न. दहा किंवा जास्त माणसे जिथे काम करतात, तिथे बायकांसाठी अंतर्गत तक्रार समिती लागते. ती कुठे आहे?

आता काढण्याबद्दल. रागाच्या भरात ओरडणे म्हणजे आदेश नव्हे. आरोप लेखी दे. उत्तराला वेळ दे. मग चौकशी होऊ दे, आणि ती तू करायची नाहीस. तक्रारदार तू, साक्षीदार तू आणि न्यायाधीशही तूच, हे लहानपणी विटीदांडूत चालत होते. तेव्हा तू मला न खेळताच बाद करायचास. गावातला एखादा त्रयस्थ, सरळ माणूस नेम. तानुबाईंना सोबत मदतनीस घेऊ दे. निकाल लागेपर्यंत त्यांना 'तुम्ही' म्हण. त्या तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या आहेत.

आणि एक साधी गोष्ट. यंत्र अकराच्या अकरा जणींना ओळखत नसेल, तर खोट कोणात आहे, हे तू कोणाला विचारलेस का?

अन्नपूर्णेस आशीर्वाद. तुझ्यावर राग आहे तितकाच जीवही आहे, दोन्ही जपून ठेव.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
पिंपळगाव राजा,
१६ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं कायदेशीर केलं आणि त्यामुळेच फसलो.

तक्रार समितीचं म्हणशील तर आमच्याकडे तक्रारी समितीशिवायच दिवसभर होतात. तरी करतो. आरोपपत्र मी स्वतः लिहिलं. आरोप पहिला, तानुबाई महिनाभर विनापरवानगी गैरहजर होती. आरोप दुसरा, त्याच महिन्यात ती रोज कामावर मालकाशी उलट बोलली. वाचून मला माझाच अभिमान वाटला.

ते धम्मशीलेनं सगळ्यांना वाचून दाखवलं. ही आपल्याकडे दोन वर्षांपासून आहे, बारावी शिकलेली, वाचायला हुशार. वाचून झाल्यावर दहाच्या दहा जणी उठल्या. यंत्राप्रमाणे त्याही गैरहजर आहेत, तर फक्त तानुबाईलाच मान काऊन? आता अकरा जणी अंगणात ओळीनं बसतात आणि घरून आणलेल्या तुरीच्या शेंगा सोलतात. मी म्हटलं, हा संप आहे, संपाला आधी नोटीस लागते. धम्मशीला म्हणाली की, संप करायला माणूस आधी कामावर यावा लागते दादा, आमी तर आलोच नाई.

तेव्हा पापड मी आणि अन्नपूर्णा लाटतो आहोत. उडदाचं डांगर कुटून कुटून माझे खांदे गळाले. पापडखाराच्या पाण्यानं हाताची आग होते. पहिल्या दिवशी माझे पापड पाहून अन्नपूर्णेनं विचारलं की, हे कोण्या तालुक्याचे नकाशे हायेत? तिसऱ्या दिवशी तिनं बोलणं सोडलं. काल तीही अंगणात जाऊन बसली. तिचंही नेमणूकपत्र नाही म्हणे.

चौकशीसाठी शेषराव गुरुजींना नेमलं. रिटायर हेडमास्तर आहेत. मी त्यांचाच विद्यार्थी, त्यामुळे माझी बाजू भक्कम आहे. चोवीसला चौकशी.

आशीर्वाद असू दे, आणि दुखऱ्या हाताला लावायला काही असेल तर तेही कळव.

तुझा,
शालिग्राम


पिंपळगाव राजा,
१८ फेब्रुवारी २०२६

संजीवनीताईले तानुबाईचा नमस्कार. लिहिनारी धम्मशीला. मी सांगतो तसंच लिही म्हन्लं तिले.

ताई, तुमी मले वळखता. तुमची माय रुक्मिणीबाई होती तवा अंगनात आमी चौघी जनी पापड लाटत होतो, तवापासून मी हाय. एकोनीस वर्सं झाली. माया पोरीचं लगन झालं, मी तिसऱ्या दिवशी कामावर. पोरीचा बाप मेला, मी चौदाव्या दिवशी कामावर. मले कोनी या म्हन्लं नाई अन् जा म्हन्लं नाई. मी आपली येत गेली.

आता भाऊचं मशीन म्हनते मी नाई. हसू आलं पयले दोन दिवस. मंग घरी जाऊन हात पाह्यला. ताई, अंगठ्यावर काहीच नाई. खारानं, लाटण्यानं रेघा पार घासून गेल्या. धम्मशीलेच्या पुसट झाल्या, माया तर उरल्याच नाईत. भाऊले हे सांगाव वाटलं, पन थे आईकून कुठं राह्यले? सगळ्यायसमोर कामचोर म्हन्लं त्यायनं. काढून टाकलं याचं मले काही नाई. मी नाईच म्हन्लं, त्याचं हाय.

हे तुमी भाऊले लिहू नका. त्यायले आपल्यानंच समजू द्या. थे पापड लाटून राह्यले, आमी शेंगा सोलता सोलता पाह्यतो. लय हसतो. पन थे मेहनत करून राह्यले, खोटं कायले बोलू.

माया ठेवजा. हिकडं आल्या तर कोरडे पापड नेल्याबिगर जाऊ देनार नाई.

तानुबाई


॥ श्री ॥
पिंपळगाव राजा,
२५ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

चौकशी झाली. मी हरलो. कसा, ते ऐक.

गुरुजी धोतर-टोपीत बरोबर अकराला आले. अंगणात खुर्ची टाकली. कागद हातात घेतला आणि सवयीप्रमाणे आधी हजेरी घेतली. एकेकीचं नाव पुकारलं आणि एकेक जण उठून म्हणाली, हजर गुरुजी. तानुबाईंचं नाव आलं तेव्हा त्या पदर सावरून उभ्या राहिल्या आणि असं खणखणीत हजर म्हणाल्या की, रस्त्यावरची माणसं थांबली. मी हरकत घेतली. हजर की गैरहजर, हाच तर वाद आहे! गुरुजींनी मला खाली बसायला सांगितलं. मी बसलो.

मग त्यांनी आरोपपत्र दोनदा वाचलं आणि मला विचारलं की, जी बाई महिनाभर आलीच नाही, ती रोज उलट कुठून बोलली? मी म्हटलं, समोरून. गुरुजींनी चष्मा काढला. म्हणाले, पाचवीतही तुझं गणित असंच होतं.

मी म्हटलं, माझा साक्षीदार यंत्र आहे, यंत्र खोटं बोलत नाही. यंत्र अंगणात आणलं. धम्मशीला तानुबाईंची मदतनीस. ती उठली आणि म्हणाली की, साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची आहे, दादानं अंगठा लावावा. मी हसत लावला. माझा अंगठा तर मी पहिल्याच दिवशी नोंदवला होता.

आतली बाई म्हणाली, कृपया पुन्हा प्रयत्न करा.

मी पुसून लावला. फुंकून लावला. डावा लावला. सारखी तेच म्हणते! अंगणात कोणी हसलं नाही ताई, त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी अंगठा उन्हात धरून पाहिला. आठ-दहा दिवस खारात हात घातला होता, सगळी कातडी सोलून चिंचोक्यासारखी गुळगुळीत झाली होती. माझे आठ-दहा दिवस. मग मी तानुबाईंकडे पाहिलं. त्यांनी आपला तळहात पुढे केला. एवढी वर्षं त्या हातचे पापड विकले, तो हात मी पहिल्यांदा पाहिला.

गुरुजींनी निकाल लिहिला, तो जसाच्या तसा देतो: "मालक चौकशीस गैरहजर. सबब चौकशी एकतर्फी चालवण्यात आली. दोन्ही आरोप शाबीत नाहीत."

मी उठलो आणि सगळ्यांसमोर तानुबाईंची माफी मागितली. कामचोर म्हटलं होतं सगळ्यांसमोर, तर माफीही तशीच पाहिजे. त्या म्हणाल्या, जाऊ द्या भाऊ, आधी थे तुमचे नकाशे उचला, लग्नघरी कोनी पाह्यलं तर नवरी माघारी येईल. आणि अकरा जणी आत गेल्या. मला त्यांनी कोठीच्या बाहेर काढलं, विनानोटीस. उद्या माल मलकापूरला जातो आहे. यंत्र मी कपाटात ठेवलं, आता वहीत नाव लिहितो.

अंगठा सुधारतो आहे. तुझा जिव्हाळा मात्र घासू नये.

तुझा,
शालिग्राम


॥ श्री ॥
पिंपळगाव राजा,
११ मार्च २०२६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

नेमणूकपत्रं दिली. अकरा, आणि अन्नपूर्णेचं धरून बारा. तिनं आपल्या पत्रात दुपारच्या चहाचं कलम घालून घेतलं. चहा मी करायचा.

तानुबाईंच्या पत्रात मी मोठ्या मनानं पद लिहिलं, पर्यवेक्षक. त्यांनी धम्मशीलेला अर्थ विचारला. दुसऱ्याचं काम पाहणारा, असं कळल्यावर कागद परत आला. म्हणाल्या, पाह्यचं काम तुमचं हाय, मी करनारी हावो. मग 'कारागीर' असं लिहिलं, आणि एकोणीस वर्षांपूर्वीपासून, हेही. तो शब्द त्यांनी तीनदा वाचून घेतला. नंतर कागद पिशवीत ठेवला, पिशवी डब्यात ठेवली आणि तो डबा त्या दिवशी जेवायला उघडलाच नाही.

पगारी रजेच्या कलमावर मात्र त्यांचा विश्वास बसत नाही. काम न करता पगार, याच्यात भाऊचा काही डाव असंल, असं धम्मशीलेजवळ म्हणाल्या. मी आग्रह केला. शेवटी येत्या सोमवारी पहिली रजा घ्यायचं कबूल केलं. कुठे जाणार ते सांगत नाहीत.

मेव्हण्यांना नमस्कार. चूक दिसली की असंच फैलावर घेत राहावे.

तुझा,
शालिग्राम


॥ श्री ॥
हिवरा आश्रम,
१६ मार्च २०२६

चि. शालिग्राम यास अ. उ. आ.

तुझ्या कारागीर इथे आल्या आहेत. खामगाव, चिखली अशा गाड्या बदलत साडेदहाला दारात उभ्या. हातात पापडांचा डबा, अंगावर ठेवणीतले लुगडे. रजेच्या दिवशी काय करतात, हे विचारायला आल्या. तुम्ही एकतीस वर्षे नोकरी केली, तुम्हाला माहीत असेल, असे म्हणाल्या.

मी सांगितले की, काही करायचे नसते. ते त्यांना पटले नाही. त्यांनी माझी कोथिंबीर निवडली, पितळी भांडी घासली, तांदूळ पाखडले. बाराला मी सूप काढून घेतले आणि बळेच जेवायला बसवले. जेवण झाल्यावर पडा जरा, म्हटले. आपल्याला दिवसा झोप येत नाही, माहेर सोडल्यापासून कधी आली नाही, असे सांगत त्या ओसरीत चटईवर टेकल्या. बोलता बोलता मधल्याच शब्दावर थांबल्या. मी पाहिले तर गाढ झोपल्या होत्या.

आता सव्वापाच वाजले आहेत. परतीची शेवटची गाडी पाचला गेली. गाडीच्या वेळी मी दोनदा उठवायला गेले आणि दोनदा परत आले. तोंडावर उजेड येत होता, तर खिडकीला चादर लावून आले.

सबब त्यांच्या वतीने उद्याच्या, मंगळवारच्या, रजेचा अर्ज मी लिहिला आहे. तो आणि हे पत्र उद्या त्यांच्याच हाती पाठवते. मागील तारखेने मंजूर करावा. नामंजूर करायचा असल्यास कारण लेखी लागेल, आणि ते तू स्वतः सगळ्यांसमोर त्यांना वाचून दाखवावेस.

कळावे. पत्र बारीक अक्षरात आहे, कारण पेनाचाही आवाज होऊ नये असे वाटते.

तुझी,
ताई