अळंबीला उजेड चालत नाही

४ जानेवारी
रविवारी सकाळी हे आपल्या खोलीत खुर्ची टाकून पेपर वाचायचे. ऊन फरशीवरून सरकलं की खुर्ची सरकवायचे. दुपारपर्यंत पार भिंतीला टेकायचे. मी म्हणायचे, अहो, दिवा लावा. हे म्हणायचे, आधी फुकटचं संपू दे. आज का आठवलं कोण जाणे.
तर, कामाला लागायचं. हे गेल्यापासून ती खोली बंद, पडदे ओढलेले. जागा वाया जाते. तिथे अळंबीचा बिझनेस करणार. अंधारात वाढते. पडदे उघडायचीही गरज नाही.

५ जानेवारी
लेकीला फोनवर सांगितलं. तिची इकडे बदली झालीय. मार्चपासून त्या खोलीत राहायचं म्हणते. म्हटलं, राणी, खोलीची आता फॅक्टरी झाली. तिने विचारलं, बाबांचे कपडे तरी कपाटातून काढलेस का? म्हटलं, धूळ उडाली तर अळंबीला इन्फेक्शन होतं. विज्ञान ऐकून तिने फोन ठेवला.

१२ जानेवारी
ट्रेनिंगवाल्या सरांकडून बियाणं आणलं. भुसा उकळून पिशव्या भरल्या. सर दुसऱ्या टप्प्याविषयी काहीतरी सांगत होते, पण मी उठले. पहिला टप्पा नीट झाला की दुसरा आपोआप होतो.
पिशव्या खुंट्यांना टांगल्या. एका खुंटीवर ह्यांचा कोट आहे, ती सोडली.

३० जानेवारी
पिशव्यांत पांढरे तंतू पसरलेत. स्वच्छ, शिस्तीत. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर असत्या तर शाबासकी दिली असती. शेजारच्या शिंपीणबाईंना, दिरांना, सगळ्यांना टोपलीभर अळंबी कबूल करून टाकली.

१३ फेब्रुवारी
अळंबी आली. नुसत्या लांब लांब काड्या. डोक्यावर छत्रीच नाही. शिंपीणबाई म्हणाल्या, अहो, ही अळंबी की मेणबत्त्या? वेगळी जात असावी.
सरांना फोन केला. म्हणाले, बाई, उजेड दिलात का? म्हटलं, जमिनीखालचा जीव, त्याला उजेडाचं काय सोयरसुतक? म्हणाले, तंतू अंधारात वाढतात, पण छत्री उघडायची तर उजेड लागतो. डोळे नसले तरी त्यांना उजेड कळतो. कुठून येतो तेसुद्धा.
सर अजून तरुण आहेत.

२० फेब्रुवारी
उद्या पडदा उघडायचा. नक्की.

२१ फेब्रुवारी
डोकं दुखलं. शिवाय उन्हाने पडद्याचा रंग विटतो.

२३ फेब्रुवारी
लेकीचा फोन. भाड्याने घर बघते म्हणाली. तुझ्या अळंबीला माझा त्रास नको. हसली नाही. मीही नाही. बरंच झालं, बिझनेस वाढवता येईल.
काही वाटलं नाही. चहा चुकून दोन कप झाला. दोन्ही मीच प्यायले, वाया कशाला.

२६ फेब्रुवारी
पाणी मारायला टॉर्च घेऊन गेले. पडद्याला कडेला बोटभर फट आहे, कधी लक्षात आली नव्हती. सगळ्या काड्यांनी तिकडे माना वळवल्यात. पार दाराजवळच्या पिशवीतल्यांनीसुद्धा. ह्यांची खुर्चीही तशीच, तिकडे तोंड करून.
पडदा बाजूला ओढला. इतक्या दिवसांनी ओढला, दांडीसकट अंगावर आला. फरशीवरच बसले. ऊन आलं. थोड्या वेळाने सरकलं. मीही सरकले.
स्वयंपाक राहिला.

२७ फेब्रुवारी
लेकीला सांगितलं, फॅक्टरी बंद. म्हणाली, आई, रविवारी येते, आणि मग फोनवर रडायलाच लागली. मी म्हटलं, येताना पडद्याची दांडी आण.

२ मार्च
ती यायच्या आत ठरवून ठेवते.
कोट दिरांना. बाह्या लांब होतील, शिंपीणबाई बघतील. पडदा शिंपीणबाईंना, त्यांना अस्तराला होईल. कबूल केलेल्या टोपल्या कोणालाच नाहीत. विचारलंच तर हवामान वाईट होतं म्हणावं. बूट ज्याला होतील त्याला. चष्मा माझ्याकडे राहील, त्यावर चर्चा नको. खोली आणि खुर्ची लेकीला. खुर्ची सरकवत राहा म्हणावं.
खिडकीजवळच्या पिशवीला आज एक छत्री आलीय. शर्टाच्या बटणाएवढी. ही सरांना दाखवू नये. फार बोलतील.