उपड्या तानोआवरचं कासव

ती. बाबांना,

सुवाहून उनाइसीचा नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईचा खोकला थांबला का?

काल आमच्या जंगलखात्याच्या ऑफिसात मोठी बैठक झाली. आपलं वेसीचं झाड संकटात आहे, असं जाहीर केलं. आता तोड आवरायची म्हणतात. आधी रीतीप्रमाणे सगळे टाळ्या वाजवत यांगोना प्यायले. नंतर यांगोना कालवायचं ते भलंमोठं लाकडी तानोआ धुवायला मी उपडं केलं, तर त्याच्या पायापाशी तुमच्या खुणेचं कासव कोरलेलं! आणि तानोआ अख्खं एकाच वेसीच्या खोडाचं.

घाबरत साहेबांना दाखवलं. वाटलं, ओरडतील. तर म्हणाले, "अगं, हा तुझ्या वडिलांचा हात? मग त्यांना सांग, याहून मोठं एक करून द्या. पुढच्या बैठकीला माणसं जास्त आहेत."

चेष्टा करत नव्हते हो, बाबा! तुम्ही म्हणाल, "एवढी शिकली आणि बापालाच विचारते." पण खरंच कळेना, करा म्हणू की नको?

तेवढ्या रुंद खोडाचं वेसी आपल्या रानात उरलंय का? आहे म्हणालात तर तुम्ही कुऱ्हाड उचलाल याची भीती वाटते. नाही म्हणालात तर त्याहून जास्त.

तुमची गोंधळलेली,
उनाइसी