घर दीपमालाला, बिनशर्त

मी, श्रीमती रिबेका दाऊद वानखडे, वय बहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार खामगाव, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही, असं माझे वकील हरिओम म्हणतात. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते माझे दीर भगवंतराव यांनी शेजारी बसून लिहवून घेतलं होतं आणि त्यात माझ्यापेक्षा तेच जास्त बोलले होते.

१. माझं पायमशीन अनुपमाला द्यावं. ती माझ्याकडे शिवण शिकते. तिची काजं अजून वाकडी होतात, तरी मशीन तिलाच. मोठी कात्रीही तिलाच. मात्र त्या कात्रीनं कागद कापला तर मी जिथं असेन तिथून बघून घेईन.

२. सोजराबाई चर्चच्या गायनमंडळात माझ्या शेजारी उभी राहते. नाताळच्या झग्यांच्या कापडातून मी घरच्यासाठी पिशव्या शिवल्या, असा बोभाटा तिनं गावभर केला होता. कापडच कमी आलं होतं! प्रभूच्या शिकवणीप्रमाणे मी तिला क्षमा केली आहे. विसरण्याची आज्ञा मला कुठं सापडली नाही. तिला मी काहीही ठेवत नाही, त्यामुळे ती साक्षीदार व्हायला कायद्यानं पात्र ठरते.

३. माझ्या कमाईनं बांधलेलं राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि पत्र्याची ओसरी, तसंच पोस्टातली शिल्लक, सून दीपमाला हिला द्यावी. माझा एकुलता एक मुलगा प्रेम याची ती बायको. प्रेम नांदुऱ्याच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच आहोत.

भगवंतरावांनी आधीच्या पत्रात दोन अटी घुसवल्या होत्या. दीपमाला दर रविवारी उपासनेला बसली आणि तिनं दुसरं लग्न केलं नाही, तरच घर तिचं. नाहीतर त्यांच्या मुलाचं, शिवमचं. वा रे वा!

आता माझं ऐका. प्रेम गेला तेव्हा मी देवाला जे बोलले, ते सगळं इथं लिहिलं तर नोंदणी कार्यालय हे पत्र परत पाठवील. मी त्याला चोर म्हणाले. प्रार्थना बंद केली, बायबल ट्रंकेत टाकलं. त्यानं माझ्यावर वीज पाडली नाही. सकाळी दीपमालानं माझ्यापुढं चहा ठेवला. रात्रभर रडलेली पोरगी, साखरेऐवजी मीठ घालून बसली. दोघींनी तो चहा मुकाट्यानं पिऊन संपवला. कप रिकामे झाल्यावर ती म्हणाली, "काय वो आई, चहा खारट होता काय?" मी म्हटलं, "असंल." आणि आम्ही दोघी हसत सुटलो, मग गळ्यात पडून रडलो. तेव्हा मला पटलं की ज्याला मी चोर म्हणाले तो घर सोडून गेलेला नाही. मी शिव्या देत होते आणि तो माया करत होता.

दीपमालाचा अबोला मात्र अजून सुटलेला नाही. "आई, मी देवाशी बोलून नाही राह्यली," असं ती सरळ सांगते. पण दर रविवारी मला स्कूटीवर चर्चला आणते, हात धरून पायऱ्या चढवते आणि उपासना संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहते. भगवंतराव म्हणाले, "बाहेर बसणारीले घर कायले?" मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही आत बसून घोरता, ते चालते काय?"

हरिओमही म्हणाले, "काकू, एखादी तरी अट ठेवा." मी विचारलं, "काऊन बाप्पा? देवानं मले घातली काय?" म्हणून हे घर दीपमालाला बिनशर्त. ती देवाशी बोलो न बोलो. तिनं दुसरं लग्न करावं, ही माझी इच्छा आहे, अट नव्हे. नवऱ्यानं खुशाल इथंच राहावं. फक्त जेवताना त्याला माझ्या फोटोसमोर बसवावं. तिच्या भाजीत तिखट फार पडतं, हेही नोंदवून ठेवते. त्याचा हक्काशी संबंध नाही.

४. माझ्या अंत्यविधीला दीपमालाला कोणी "आत ये" म्हणून ओढू नये, डोळे वटारू नयेत. माझी शवपेटी चर्चमध्ये नेऊच नये. लिंबाखाली, तिच्या स्कूटीशेजारी ठेवावी. पाळकसाहेबांनी आणि सगळ्या मंडळीनं बाहेर येऊन उपासना तिथंच करावी. भगवंतरावांना ऊन लागत असेल तर त्यांनी टोपी आणावी. पोरीला आत येववत नाही, तर आपण बाहेर यावं. देव माझ्याकडे असाच आला होता.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्याच म्हणण्याप्रमाणे आहे, म्हणून सही करते.

ठिकाण : खामगाव
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२४
(सही) रिबेका दाऊद वानखडे

साक्षीदार :
१. (सही) महादेवराव इंगळे, शेजारी
२. (सही) सोजराबाई तायडे. मजकूर ऐकला. कापड कमी नव्हतं. लिंबाखाली अंथरायला सतरंजी मी आणीन.