महालाचे खांब

अण्णा,

आई सध्या माझ्याकडे र्युसेल्सहाइमला आहे. इतकी वर्षं बोलावत होते, ती काही ना काही कारण काढून टाळायची, यंदा आली. मी इथं गाड्यांच्या कारखान्यात डिझाइनला, नवराही तिथंच, लेक चौथीत. सकाळी आम्ही तिघं बाहेर पडलो की आई एकटी. लेक दुपारी येते, पण तिला मराठी सगळं कळत असलं तरी उत्तर जर्मनमधून देते. आई विचारणार, डब्यात काय खाल्लंस, आणि ही म्हणणार, "कार्टोफेल्न." म्हणजे बटाटे. तेवढ्यावर दोघींचं बोलणं संपायचं. मग आई खिडकीत बसून कचऱ्याची गाडी कुठल्या वारी कुठला डबा नेते ते पाठ करायची. एक दिवस पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "माझं तिकीट जरा अलीकडचं करून दे. इथं माझ्यावाचून काही अडलेलं नाही." रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती अगदी सहज म्हणाली, म्हणून मला लागलं.

लेकीला शाळेची सुट्टी होती. मी उर्लाउब, म्हणजे रजा, टाकला आणि दोघींना घेऊन आल्प्सकडे निघाले. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. डोंगरातले राजवाडे बघायला जायचंय म्हटल्यावर आई म्हणाली, "राजवाडे मी आयुष्यभर घड्या घालून पेटीत ठेवलेत."

तुम्ही हसला असता. सांगलीच्या त्या दोन खोल्यांत तुमचे नाटकाचे पडदे होते ना, रस्ता, जंगल, बाग आणि महाल. जत्रांच्या हंगामात गावोगाव भाड्यानं जायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. शाळेच्या पटांगणात तुम्ही महालाचा पडदा पसरून रंग उडालेल्या जागा भरताय. मी धावत येते ती सरळ पडद्यावरून. तुम्ही मान वर न करता विचारता, "महालात चपला घालून येतात का?" मी शहाण्यासारख्या चपला काढते आणि पुन्हा पडद्यावरच पाय ठेवते. मग मात्र पाठीत धपाटा बसतो. नंतर तुम्हीच दोरीला खडू लावून मला रेघ मारायला देता, लांबचा खांब बारीक का काढायचा ते दाखवता. आजही मी तेच काम करते, फक्त कॉम्प्युटरवर. त्या सगळ्यात आईचं काम माझ्या लेखी एकच होतं, रंगात मिसळायचा सरस उकळणं. स्वयंपाकघरात ते पातेलं चढलं की तिचा पदर नाकाला जायचा, आणि ती म्हणायची, आज आमटीला तुमच्या राजाचा वास येणार.

तर डोंगराच्या पायथ्याच्या फ्युसेनला पोचेपर्यंत रेल्वेनं दोनदा उशीर केला. लेकीनं पाटीवरचा शब्द वाचला, "फरश्पेटुंग", आणि आईनं तो लगेच उचलला. नंतर दोन दिवस कुठंही थांबायची वेळ आली की आई गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, फरश्पेटुंग. हॉटेलात सूप यायला वेळ लागला तेव्हाही म्हणाली. वाढणारा मुलगा खो खो हसला आणि पावाची जास्तीची टोपली ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरच्या त्या पांढऱ्या राजवाड्याला गेलो. खालच्या गावातून वर घोडागाडी जाते. आई त्या गाडीत पदर सावरून अशी बसली होती की वाटेवरची माणसं तिच्याकडे बघून हात करत होती आणि ती सगळ्यांना नमस्कार करत होती. आत जायला ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं. इंग्रजी फेरीची तिकिटं संपलेली, आम्हाला जर्मन मिळाली होती. मी ठरवलं होतं की आईच्या कानाशी बोलत जायचं. पण दारावरच्या बाईनं माझी मोठी सॅक बघून मान हलवली. एवढी बॅग आत चालत नाही. लॉकर भरलेले, सॅकमध्ये सगळ्यांचे गरम कपडे, औषधं, धपाटे. फेरीची वेळ तर झालेली. मी लेकीला म्हटलं, आजीचा हात सोडू नकोस. ती म्हणाली, "जा, मामा." म्हणजे हो, आई. आणि दोघी आत गेल्या.

मी बाहेर भिंतीशी बसून राहिले. खाली तळं, पलीकडे हा राजवाडा बांधणारा राजा जिथं लहानाचा मोठा झाला तो पिवळा वाडा, मागं बर्फाचे डोंगर. पण माझं लक्ष दाराकडं. आतल्या पायऱ्या आईला झेपतील का? ती दमली तर पोरगी कुणाला सांगेल, आणि काय सांगेल?

बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या. लांबूनच दिसलं, लेक हातवारे करत बोलतेय आणि आई मान डोलावतेय. जवळ आल्यावर कळलं की ती मराठीत बोलतेय. मोडकं, क्रियापदं जर्मनसारखी मधेच घुसवलेली, बाईमाणूस-बाप्यामाणूस सगळं एक झालेलं, पण मराठीत.

झालं होतं असं. आत वाटाड्या मुलगा बोलत होता आणि आई आपली छताकडे बघत चालली होती. बोलता बोलता तो म्हणाला, "थेआटरमालर." आईच्या कानाला 'थेटर' तेवढं लागलं. तिनं नातीला विचारलं, थेटराचं काय म्हणतोय गं हा? पोरीनं जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली. आईनं तिला तिथंच थांबवलं.

"मला कळेल असं सांग."

आणि तिनं सांगितलं. या राजवाड्याचं पहिलं चित्र घरं बांधणाऱ्यानं काढलेलं नाही. राजाला नाटकांचं वेड, म्हणून त्यानं नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याकडून ते काढून घेतलं आणि मग तसाच डोंगरावर बांधला. आई म्हणे ते ऐकून एवढ्या मोठ्यानं हसली की पुढचे लोक वळून बघायला लागले. पुढं दरबार आला. सोन्याचं छत, तांबडे-निळे खांब, आणि सिंहासनाची जागा रिकामी. ते कधी बसवलंच नाही. आई म्हणाली, बरोबर आहे, पडदा आपला, खुर्ची गावकऱ्यांनी आणायची असते. मग ती खांबांकडे बघत राहिली आणि नातीला म्हणाली, विचार त्याला, हा दगड नाही, रंगवलाय ना? पोरीनं विचारलं. तो म्हणाला, "गेनाऊ." अगदी बरोबर, दगडाचा नुसता आभास आहे. मग त्यानं त्या दोघींना जरा पुढं घेऊन नीट दाखवलं.

हे सगळं दोघी मला एकदमच सांगत होत्या. मी आईला विचारलं, तुला कसं ओळखू आलं?

"अगं, आपल्या महालाचे खांब मीच केलेत की. दगडातल्या शिरा काढायचं काम त्यांच्या हाताला जमायचं नाही, फार सरळ काढायचे. मी कोंबडीच्या पिसानं ओढायची. तू पोटात होतीस तेव्हा."

अण्णा, मी तिच्याकडे बघतच राहिले. त्या पडद्याच्या कोपऱ्यात फक्त तुमचं नाव होतं. मी जन्मल्यावर नवा पडदा झालाच नाही, जुनेच डागडुजी करून चालवलेत, त्यामुळं मला कळायला वावच नव्हता. पण तुम्ही एकदाही बोलला नाहीत? मी तिला तसं म्हटलं तर ती तुमचीच बाजू घेऊन बसली.

"त्यांनी विचारलं होतं, तुझंही नाव घालू का म्हणून. मीच नको म्हटलं. गावातल्या प्रत्येक लग्नात, बारशात मला रंगवायला बोलावलं असतं आणि वर चहावर बोळवण केली असती."

मग आम्ही भिंतीवर बसून धपाटे खाल्ले. लेकीनं आजीला पिसाबद्दल शंभर प्रश्न विचारले. कुठल्या कोंबडीचं, रंग कुठला, हात हलला तर काय करायचं? एखादा मराठी शब्द अडला की माझ्याकडे बघायची. मी सांगितला की पुढं चालू. मधे कुणी तरी मला फोटो काढून देऊ का म्हणून विचारलं, तो फोटो पाहण्यासारखा आलाय. मागं अख्खा राजवाडा आहे आणि आम्ही तिघी तिसरीकडेच बघतोय.

त्याच्या पुढच्या दिवशी लिंडरहोफला गेलो. तो त्याच राजाचा छोटा महाल. तिथल्या जेवणघरातलं टेबल खाली स्वयंपाकघरात उतरायचं आणि वाढून परत वर यायचं, म्हणजे राजाला कुणाचं तोंड बघायला नको. लेकीनं हे भाषांतर फार अभिमानानं केलं. आईनं जमिनीतला तो चौकोन नीट न्याहाळला आणि म्हणाली, "जेवण आवडलं का नाही, हे खालच्या बाईला कळणार कसं?" लेकीनं तेही वाटाड्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यापासून तिकिटाचं नाव निघालेलं नाही. मीही काढलं नाही. दोघींना कपाटाच्या दारावर संगमरवर करायचा होता. घर भाड्याचं आहे, घरमालक मला बाहेर काढील, असं म्हणून मी ते कसंबसं थोपवलं. तर आता बाल्कनीत जुनी चादर ताणून बांधलीय आणि लेक शिरा ओढतेय, आजी मागून सांगतेय, "वाकडी, अजून वाकडी, दगडाला कुठं पट्टी असते?" सरस इथं उकळू देणार नाही म्हटलं, तर आईनं बाजारातल्या डिंकावर भागवलं, पण तोंड वाकडं करून.

मी खरं तर तुमच्याशी भांडायला लिहायला बसले होते, त्या खांबांवरून. ते राहूनच गेलं. पत्र कुठं टाकायचं नाहीच, इथंच खणात ठेवीन. एक मात्र तुम्हाला सांगून टाकते. अशा वेळी सगळे म्हणतात, ते असते तर किती बरं झालं असतं. मला त्या दिवशी डोंगरावर तसं एकदाही वाटलं नाही, अण्णा. मी आईकडेच बघत होते.