दोन कॉलेजं आणि माझा शांत स्वभाव

३ जून

लागलं! दोन्हीकडे लागलं! एकाच दिवशी दोन ईमेल. ऑप्टोमेट्रीला, म्हणजे डोळे तपासायच्या कोर्सला, ॲडमिशन मिळणं म्हणजे काही खायचं काम नाही. गेल्या वर्षी दोघांनीही नाही म्हटलं होतं. चूक त्यांची होती, त्यांनी सुधारली. मनात राग ठेवायचा नाही.

जुनं कॉलेज : दगडी इमारत, स्वतःचं डोळ्यांचं हॉस्पिटल, पहिल्या वर्षापासून पेशंटसमोर बसवतात. मामा तिथेच शिकला. नवं कॉलेज : काचेची इमारत, प्रत्येकाला वेगळं मशीन, होस्टेलला जिम. ३० तारखेपर्यंत कळवायचं.

ठराव : निर्णय शांतपणे घ्यायचा. मी मुळात शांत माणूस. या घरात एवढा एकच.

जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, नवं. त्यांचं ट्रकचं गॅरेज आहे, मशीन म्हटलं की विरघळतात. आई म्हणाली, माझ्या भावाला विचारू. बाबांनी खुर्ची फेकली. आईवर नाही, भिंतीवर. बाबा नेम धरून फेकतात, हे त्यांचं एक चांगलं आहे. खुर्चीचा पाय तुटून माझ्या कपाळावर आला. टेंगूळ. तरी मी आवाज चढवला नाही. पाण्याचा जग फेकला, पण तो हातात होताच.

५ जून, दुपार

मामाच्या चष्म्याच्या दुकानात होतो. दोन वर्षं इथेच काम करतोय. मामा म्हणाला, डोळे झाकून जुन्या कॉलेजात जा. मी हसलो, ऑप्टोमेट्रीत डोळे झाकून कसं चालेल. तो नाही हसला.

मग मी फक्त माहिती म्हणून सांगितलं की बाबांच्या मते जुन्या कॉलेजातून मामासारखे चष्म्याच्या दांड्या पिळणारेच बाहेर पडतात. लपवाछपवी मला जमत नाही. मामा चाकावर काच घासत होता. चाक बंद केलं, ॲप्रन काढला आणि चालत निघाला.

मी मागोमाग गेलो, मिटवायला.

गॅरेजमध्ये मामाने बाबांना विचारलं, भावोजी, परत म्हणा. बाबांनी परत म्हटलं. मामा काडीपैलवान, पण त्याने बाबांच्या पोटात डोकं घातलं. बाबांनी त्याला मानेला धरून बॉनेटवर आपटला. मी मध्ये पडलो. म्हणजे ग्रीसवरून घसरून खरंच पडलो, आणि उठताना हाताला पाना लागला, आणि तो बाबांच्या नडगीला लागला. बाबांचा गैरसमज झाला. माझा ओठ फाटला. मामाचा एक दात पडला.

ताई कॅज्युअल्टीत नर्स आहे. तिने तिघांना एका रांगेत बसवून टाके घातले. भूल मामालाच दिली. आम्हा दोघांना म्हणाली, तुमची लायकी नाही.

ठराव : यापुढे कोणाचं बोलणं कोणाला सांगायचं नाही. लोकांना झेपत नाही.

९ जून

आज नवं कॉलेज बघायला गेलो. छान आहे. सगळीकडे काच, आत एसी. डेमो रूममध्ये एक दाढीवाले गृहस्थ डोळ्याचं प्रेशर मोजायचं मशीन दाखवत होते. मामाकडे ते नाही, पण पुस्तकात वाचलं होतं : मशीन डोळ्यावर हवेची फुंकर मारतं, दुखत नाही. मी पुढे झालो. हनुवटी टेकवा, म्हणाले. टेकवली. हिरव्या ठिपक्याकडे बघा. बघितलं.

पुस्तक फुंकर मारत नाही. मशीन मारतं.

कोणी एकदम डोळ्यावर चाल करून आलं की माणूस काय करणार? मूठ आपोआप गेली. मशीनला बगल देऊन दाढीवाल्यांच्या नाकावर. रक्त बरंच आलं. नंतर कळलं की ते तिथले सीनियर लेक्चरर. मी त्यांना धीर दिला, मान मागे करू नका, पुढे करा, हेही सांगितलं. शिपायाने मला दंडाला धरून बाहेर आणलं. त्यालाही एक कोपर लागलं असेल.

ऑफिसात माझं नाव विचारून घेतलं. एवढ्या मुलांत माझंच. एकंदरीत छाप पडली.

१२ जून

रागावर ताबा कसा ठेवावा याचा व्हिडिओ बघितला. गरज नाही, पण माहिती असावी. दीर्घ श्वास घ्यायचा आणि निळा रंग आठवायचा.

संध्याकाळी दुकानात एक बँकेतला क्लार्क आला. म्हणे, चष्म्याचा नंबर चुकलाय, फरशी वर आल्यासारखी दिसते. नंबर मी काढला होता. मी शांतपणे सांगितलं की फरशी तुमच्या घरची वर आली असेल. त्याने चष्मा काढून माझ्या तोंडावर मारला. मी निळा रंग आठवला. त्याचा शर्ट निळाच होता. धरला.

आरसा फुटला, फ्रेमचा स्टँड आडवा झाला. क्लार्कच्या भुवईला खोक पडली. मामाने आधी त्याला सोडवलं, नंतर त्याची माफी मागितली. मामाचा हाच दोष, लगेच नमतो.

मला काउंटरवरून काढून मागच्या खोलीत काचा पुसायला बसवलंय. अभ्यासाला एकांत मिळेल, हाच त्याचा विचार असणार.

१६ जून

मामाबरोबर जुनं कॉलेज. बसचा प्रवास लांबचा. मामा खिडकीशी बसून मधूनमधून जिभेने पडलेल्या दाताची जागा चाचपत होता.

प्रिन्सिपल मॅडम मामाच्या वर्गातल्या. त्यांनी मामाच्या दाताच्या जागेकडे बघितलं, माझ्या ओठाकडे बघितलं, आणि चहा मागवला.

मग एका खोलीत बसवलं, नुसतं बघ म्हणाल्या. एक म्हातारी बाई आली. पहिल्या वर्षाची एक मुलगी तिच्या डोळ्यांसमोर एकेक काच बदलत होती. आता? आता? आता बरं की आधी बरं? म्हातारी प्रत्येक वेळी नाही म्हणायची आणि मुलगी पुढची काच लावायची. वैतागली नाही. मी असतो तर पाचव्या काचेला... असो. मग एका काचेला म्हातारीने मान पुढे काढली. समोर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, अहो, तुम्ही किती थकलात.

मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो. नाकात काहीतरी गेलं होतं.

संपूर्ण दिवसात कोणालाही हात लावला नाही. मामाने बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोप काढली.

निर्णय झाला. जुनं.

१७ जून

बाबांना सांगायला गॅरेजात गेलो. ते ट्रकखाली होते, बाहेर नुसते पाय. पायांना सांगायला बरं वाटेना. त्यांनीच आतून विचारलं, मग, नवंच ना? हातोडीचा आवाज येत होता. मी हो म्हटलं.

याला मुत्सद्देगिरी म्हणतात. मामाला वाटतंय जुनं, बाबांना वाटतंय नवं, दोघंही खूश. दोन आठवड्यांत मी होस्टेलवर असेन, मग काय ते फोनवर सांगता येईल. फोनवरून खुर्ची लागत नाही.

१९ जून

नव्या कॉलेजचा ईमेल. दाढीवाल्यांच्या नाकाचं हाड मोडलंय, सबब माझी जागा रद्द. म्हणजे माझ्या मनातला निर्णय त्यांना न सांगता कळला. बाबांना सध्या सांगत नाही. त्यांनी होस्टेलसाठी मला नवी गादी आणली आहे. गादी स्वतः खांद्यावरून घेऊन आले. रस्त्यात भेटेल त्याला सांगत आले.

२२ जून, संध्याकाळ

घाईत लिहितोय, अक्षर खराब येईल.

आईचा वाढदिवस होता. आईने मामाला बोलावलं. दोघं समोरासमोर बसून जेवतील एवढंच मला हवंय, म्हणाली. बसले. केक कापला. बाबांनी पहिला तुकडा मामाला दिला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग बाबा म्हणाले, पोरगं नव्या कॉलेजात चाललंय, गोड खा. मामा म्हणाला, जुन्या. बाबा म्हणाले, नव्या. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो की केक मस्त झालाय.

कोणी पहिल्यांदा टेबल उलटवलं ते सांगता येणार नाही. बाबांनी मामाला भिंतीशी दाबला. मामाने बाबांचा कान चावला. आई दोघांना लाटण्याने मारत होती, लागेल त्याला. मी फक्त सोडवत होतो. तेवढ्यात मामा ओरडला की पोरगा शेवटी बापावरच गेला, खोटारडा आणि दांडगट.

मी सोडवतच होतो.

मामाचा चष्मा फुटला. तो खाली बसला. ओरडला नाही, तेच विचित्र वाटलं. नुसता डाव्या हाताने जमिनीवर चष्मा शोधत राहिला आणि उजव्या डोळ्यावरच्या तळव्याखालून रक्त येत राहिलं. ताईने टॉवेल दाबला आणि त्याला उचलून गाडीत घातला. मी येतो म्हटलं. ताईने माझ्या कानाखाली वाजवली. हाताने नाही, केकच्या ताटाने.

कोपर माझं नसावं. एवढ्या लोकांत कोणाचं कोपर कुठे, ते कळत नाही. खोलीत आम्ही पाच जण होतो.

२३ जून

कॅज्युअल्टीतून मामाला जुन्या कॉलेजच्याच हॉस्पिटलात हलवलं. आम्ही सगळे इथेच. आई बाकावर, बाबा जिन्यात, ताई डॉक्टरांबरोबर आत. माझ्या शेजारी कोणी बसत नाही, ऐसपैस जागा मिळाली आहे.

पोलीस आला होता. मामाने सांगितलं की दुकानात शोकेसवर पडलो. पोलीस गेल्यावर बाबा खाली गेले आणि आपल्याच ट्रकची पुढची काच मुठीने फोडली. एकदा मारून फुटली नाही म्हणून मारतच राहिले. ताईने त्यांच्या हातातले काचेचे तुकडे चिमट्याने काढले. ते मामाच्या वॉर्डकडे बघत होते, हाताकडे नाही.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा सुटलाय. ऑपरेशन करून बघू. पुस्तकात मी हे प्रकरण वाचलंय. पुष्कळदा बरं होतं.

२७ जून

ऑपरेशन झालं. डॉक्टर जास्त बोलत नाहीत, म्हणजे चांगलंच असणार.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, शोकेसवर पडून अशी जखम होत नाही. मी म्हणालो, शोकेसवर अवलंबून आहे. जागा ३० तारखेपर्यंत माझ्या नावावर आहे, त्या दिवशी सकाळी मामाची नजर तपासायची आहे, तपासणीला मीच बसायचं, त्यानंतर बोलू, एवढंच म्हणाल्या.

म्हणजे ही प्रवेश परीक्षा. सोपी आहे. अशा तपासण्या दुकानात रोज करायचो.

बाबांना आज सांगून टाकलं की जुनंच घेतोय. ते म्हणाले, घे. मला वाटलं, आता काहीतरी फेकतील. जवळ स्टूल होतं, डबा होता. काहीच फेकलं नाही. भीतीच वाटली.

३० जून

सकाळी नीट भांग पाडला. मॅडमनी पांढरा कोट दिला. खांद्याला थोडा मोठा, पण शोभला.

मामाला खुर्चीत बसवलं. ताईने पट्टी काढली. डोळा लाल होता, पण होता. त्याच्या डाव्या डोळ्यावर मी झाकण धरलं. दीर्घ श्वास घेतला. माझ्या हाताचा वास ओळखून तो म्हणाला, तूच का. मग म्हणाला, वरून सुरू करू?

आणि मी काही म्हणायच्या आत त्याने वाचायला सुरुवात केली. सर्वांत मोठं अक्षर. मग खालची ओळ. मग त्याखालची. कुठे अडखळला नाही. अगदी तळाची बारीक ओळ, जी मलाही जड जाते, तीसुद्धा घडाघडा. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. पडलेल्या दाताच्या फटीतून शब्द फुसफुसत बाहेर येत होते आणि तो हसत होता. मी कागदावर लिहिलं : उजवा डोळा, पूर्ण नजर. ताईला म्हणालो, बघ, उगाच घाबरवलंस सगळ्यांना. ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मॅडम आत आल्या. माझा कागद वाचला. मग माझ्या मागे गेल्या आणि तक्त्याचा दिवा लावला.

तोपर्यंत तो लावलेलाच नव्हता. मामासमोर नुसती काळी पेटी होती.

मामाला दिवा लागल्याचं कळलं नाही. त्याने विचारलं, काय, आलं ना सगळं बरोबर? तीस वर्षं तोच तक्ता दुकानात आहे, त्याला झोपेतही म्हणता येतो. मॅडम म्हणाल्या, सगळं बरोबर आलं. मग माझ्यापुढे हात केला. मला वाटलं, अभिनंदन. त्यांना कोट हवा होता. दारात हळूच म्हणाल्या की माझी जागा वेटिंगवरच्या पहिल्या मुलीला देत आहेत. मी म्हटलं, ठीक आहे. मी चिडलो नाही. मुठी वळल्याच नाहीत. बघितलं मी, त्या तशाच लटकत होत्या.

परत येताना ट्रकमध्ये बाबा, मामा, मी. पुढची काच नवीन बसवली आहे. बाबांनी मामाला खिडकीशी बसवलं, मी मध्ये, त्याच्या उजव्या हाताला. बेल्टचा खटका उजवीकडे, तो त्याला सापडेना, तेव्हा बाबांनीच वाकून लावला.

बऱ्याच वेळाने मामाने मला विचारलं की मग शेवटी कुठलं ठरलं, जुनं की नवं.

मी म्हणालो, अजून विचार चालू आहे.

तो म्हणाला, सावकाश ठरव, आणि मी बसलो होतो त्याच्या थोडं अलीकडे, सीटच्या रेक्झिनवर, प्रेमाने थोपटलं.