घरच्या पत्त्यावरून

२ जून

सकाळी पोचले. खोली छान आहे. वरचा मजला, दोन्ही बाजूंनी उजेड, खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान. घरमालकीणबाईंनी हट्टाने माझी बॅग वर आणली. जिन्यात दर वळणाला थांबायच्या आणि म्हणायच्या, मी नाही दमले गं, जिनाच उंच झालाय. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

ही माझ्या धाकट्या भावाची खोली. तो इथेच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. त्याचं अर्धवट राहिलेलं काम कंपनीने मला देऊ केलं, कारण पायथनमध्ये प्रोग्रामिंग मला येतं. आधीच्या नोकरीत आकडेवारीसाठी तेच वापरत होते. आई म्हणाली, जा तू, दोघींनी एकमेकींची तोंडं बघत बसण्यापेक्षा बरं.

पलंगाची चादर नवीन आहे. पडदेही नवीन. बाईंनी मुद्दाम बदलले असावेत.

३ जून

काम समजलं. वेबसाइट निरनिराळ्या देशांतून कशा दिसतात ते तपासायचं. स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, एकेक पान मागते, पण आपल्या पत्त्यावरून नाही. मागणी आधी प्रॉक्सीकडे, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी कनेक्शनवर जाते आणि तिथून बाहेर पडते. समोरच्याला वाटतं, मागणारा तिथलाच. यातल्या बऱ्याच प्रॉक्सी म्हणजे साध्या माणसांची घरं. एखादं ॲप फुकट मिळतं म्हणून त्यांनी आपली लाइन वापरू दिलेली असते. फारच लपून मागायचं असेल तर अनामिक नेटवर्क आहे. तिथे मागणी तीन अनोळखी मशीनमधून वळसे घेत जाते, आणि पूर्ण रस्ता कुणालाच माहीत नसतो.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे नकाशा म्हणतात, कारण तो दिवसभर देशांची नावं पुटपुटत असतो. त्याने सगळा धंदा एका वाक्यात सांगितला: बंदूक आपली, खांदा दुसऱ्याचा. स्वतःच हसला. मग मी कुणाची बहीण ते आठवून उठला आणि चहा घेऊन आला.

६ जून

धाकट्याच्या यादीत एक पान कुठल्याच ग्राहकाचं नाही. पत्ता म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. पानावर एकच फोटो. भिंत, खुर्ची, खुर्चीत पाठमोरा माणूस. डोक्यावर दोन भोवरे.

आई त्याला चिडवायची, दोन भोवऱ्यांच्या माणसाला दोन बायका मिळतात म्हणे, तू मेल्या एक तरी आण.

तोच आहे. खांदे पाडून बसायची पद्धत त्याचीच. मी बराच वेळ बघत बसले. रडू आलं नाही. नकाशाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, ताई, खुर्ची रिकामी आहे.

९ जून

हे पान अनामिक नेटवर्कवरूनच मागायचं, तेही फक्त लांबच्या देशांतून बाहेर पडून, अशी धाकट्याने स्क्रिप्टमध्ये सोय केली होती. मी ती बदलली. शेजारच्या देशातून मागितलं. मान थोडी वळलेली होती, एक कान दिसला. आपल्या देशातून मागितलं तेव्हा गाल आणि चष्म्याची काडी. याच शहरातल्या एका घरावरून मागितलं, तर नाकाचं टोक.

जितकं जवळून मागावं तितका तो वळतो.

शेवटी त्याचा चेहरा मी पाहिलाच नाही. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. एकदा नीट बघायचा आहे, एवढंच.

१० जून

नकाशाला विचारलं, प्रॉक्सी काढून टाकली आणि सरळ माझ्या खोलीतून मागितलं तर? तो भडकला. म्हणाला, तुझ्या भावाने शेवटच्या दिवशी तेच केलं. तुमचे बाबा गेल्यापासून तो ते पान उघडून बसायचा. त्याला त्यात बाबा दिसायचे. आम्ही थट्टा करायचो, आता लाज वाटते.

संध्याकाळी घरमालकीणबाई आल्या. म्हणाल्या, सांगू की नको असं झालं होतं. त्या दुपारी धाकट्याकडे कुणीतरी आलं होतं. आत बोलणं चाललं होतं. बसा ना बाबा, असं दोनदा ऐकू आलं. नंतर टेबलावर चहाचे दोन कप सापडले. मी म्हटलं, फोनवर बोलत असेल. त्या म्हणाल्या, फोनवरच्या माणसाला कुणी चहा ओततं का गं?

मी ऐकून घेतलं. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

११ जून

सरळ मागणार नाही. आईला आता मी एकटीच उरले आहे, माझं काही झालं तर तिने कुणाकडे बघायचं?

पण प्रॉक्सी ठेवूनही आणखी जवळ जाता येईल. धाकट्याने चाचणीसाठी आईच्या घरी प्रॉक्सीची एक छोटी पेटी बसवली होती. ती लाइन यादीत अजून चालू दिसते. त्याला त्या घराहून जवळचं दुसरं काय? मागणी तिथून बाहेर पडेल. माझं नाव नाही, ही खोली नाही, काहीच दिसणार नाही. यात धोका नाही.

जेवणाच्या सुट्टीत चालवलं.

खुर्ची रिकामी.

१२ जून

लांबच्या देशातून — रिकामी. नेटवर्कवरून — रिकामी. कुठूनही मागा.

नकाशाने माझा स्क्रीन पाहिला. विचारलं, हा कालचा पत्ता कुणाचा? म्हटलं, आईचा. तो उभाच राहिला. म्हणाला, ताई, पलीकडे तू दिसतच नाहीस. विचारणारी तुझी आई आहे.

हे मला माहीत होतं. रोज हेच तर करते.

आईला फोन लावला. उचलत नाही. पुन्हा लावला. निघते.

बसमध्ये

आईचा फोन आला. आवाज हसरा. म्हणाली, फोन कुठे बघत बसू, घरात पाहुणा आलाय. पुढच्या खोलीत बसलाय, भिंतीकडे तोंड करून. मेल्याचे दोन भोवरे मला ओळखू येणार नाहीत होय? म्हणाली, तुला सांगणार नव्हते, उगीच रडत बसली असतीस.

म्हटलं, घराबाहेर पड, शेजारी जा. तर माझ्यावरच चिडली. पोरगं घरी आलंय आणि मी शेजारी जाऊन बसू?

म्हटलं, मग ती पेटी तरी बंद कर. पेटी त्याच्या समोरच्या भिंतीला आहे. म्हणजे त्याच्या पुढून — नको म्हटलं, जाऊ नकोस. म्हणाली, आधी कर म्हणतेस, मग नको म्हणतेस, लहानपणापासून तुझं हे असंच.

फोन चालू आहे. कानाशी धरून लिहितेय. हात थरथरत नाहीयेत. का नाही —

शेजारणीला फोन करते म्हटलं. आई म्हणते, ठेवू नकोस, त्यालाही ऐकायचंय तुझं —

ताटाचा आवाज. वाढतेय.

म्हणते, किती रे वाळलास.

बस थांबलीये. का थांबलीये

म्हणते, वळ की जरा इकडे.

मी ओरडले. सगळे बघतायत. आई म्हणते, ओरडू नकोस, वळतोय तो. आई म्हणते, थांब, अगं, हा तर —