ठमीला आणायला गेले त्याची हकिगत

प्रिय अहो,

सुखरूप पोचले. बोट लागली नाही, पिशवी हरवली नाही, आणि तुम्ही चारचारदा बजावल्याप्रमाणे अनोळखी माणसांशी बोललेही नाही, म्हणजे पहिला तासभर तरी. तुमची औषधं फडताळात डावीकडे आहेत. कुंड्यांना पाणी घालताय असं मी धरून चालते. फोन असताना हिला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तुम्ही आत्ता म्हणत असाल. ते सांगते, पण अगदी शेवटी. तोवर चष्मा लावा, खुर्चीत नीट बसा आणि ओळीनं वाचा. शेवटचं पान आधी उलटायची तुमची खोड मला चांगली ठाऊक आहे.

ज्या कामाला तुम्ही मला धाडलंत ते मी विसरलेले नाही. ठमीला समजावायचं आणि घरी घेऊन यायचं. तुमच्या मित्राच्या ऑफिसातली मागच्या खोलीतली जागा तिच्यासाठी महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलेली आहे, काम फायली लावायचं, दिवसभर कुणाशी बोलायचा प्रश्न नाही. बोटीत हेच घोकत आले. पण इथे आल्या आल्या कळलं, की लेकीची गाईडच्या परवान्याची परीक्षा दोन दिवसांवर आली आहे. तेवढी होऊ दे आई, मग तुला काय बोलायचं ते बोल, असं म्हणाली. मी म्हटलं, बरं. मनात म्हटलं, बोलण्याच्या परीक्षेत आपली ठमी कशी निभावणार? नापास झाली की आपणहून पिशवी भरेल, मला वाईटपणा घ्यायला नको.

तिची खोली बघितलीत तर तुमच्या जिवाला जरा स्वस्थता येईल. खाली दोरखंडांचं दुकान, वर ही. एक खिडकी, एक पलंग, मोरी लख्ख, आणि दाराला एक सोडून दोन कड्या आहेत, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते. भिंतीवर आरसा लावलाय तो वेणीफणीसाठी नाही, त्याच्यासमोर उभी राहून ही शहराचा इतिहास सांगते. घरमालकीण शेजारच्याच खोलीत राहते, सारखी विणत असते. ठमी तिच्याशी बोलताना एखाद्या शब्दाला अडली, की ती बाई विणकाम चालूच ठेवते आणि शब्द येईपर्यंत नुसती बसून राहते. पहिल्या संध्याकाळी मलाच चुळबुळ झाली. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

आता हे शहर. किती पिढ्यांपासून राजधानी आहे कोण जाणे, पण त्याचा तोरा अजून उतरलेला नाही. बंदरावर पाय ठेवला की समोर ती जाडजूड समुद्राकडची भिंत, तिच्यावर पाण्याकडे तोंड करून मांडलेल्या तोफा, आणि तोफांच्या तोंडात चिमण्यांची घरटी. आत शिरलं की दगडी फरशीच्या अरुंद गल्ल्या, दोन्ही अंगांना लाकडी सज्जे, खिडक्यांना तिरप्या पट्ट्यांची दारं, म्हणजे वारा आत येतो आणि ऊन बाहेर राहतं. भिंती पिवळ्या, निळ्या, फिक्या गुलाबी. खारा वारा रंग टिकू देत नाही, म्हणून कुठे ना कुठे कुणीतरी शिडीवर चढून रंग लावतच असतं. उकडतं मात्र असं, की हातरुमाल पिळून काढावा. जुना राजवाडाही पाहिला. बाकीची मंडळी माना वर करून झुंबरं बघत होती, मी पडदे बघत होते. कापड उंची, पण खालची दुमड अशी घातली आहे, की माझ्या शिवणवर्गातल्या नवख्या मुलीलासुद्धा मी ती उसवायला लावली असती. राजे गेले, पण त्यांच्या शिंप्याला जाब विचारायला कुणीतरी हवं होतं.

हे सगळं मला कुणी दाखवलं? आपल्या ठमीनं. परीक्षा अशी असते, की नेहमीसारखे तिकीट काढून आलेले प्रवासी सोबत द्यायचे, उमेदवारानं त्यांना शहर फिरवायचं, आणि परीक्षक बाईंनी सर्वांत मागून चालायचं. घरचं माणूस घोळक्यात असलं तरी त्यांची हरकत नाही, पण त्यानं उमेदवाराला मदत केली तर फेरी बाद. ठमीनं आदल्या दिवशी मला बसवून हे दोनदा सांगितलं. ओळख दाखवायची नाही, मान डोलवायची नाही आणि काही झालं तरी बोलायचं नाही. मी म्हटलं, मला काय कळत नाही का? सकाळी तिच्या स्कर्टची खालची शिवण जरा सुटली होती ती घालून दिली आणि मग रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं, तिची कुणीच नसल्यासारखी चालत गेले.

अहो, ती बोलते. अडखळते, पूर्वीइतकीच अडखळते, ते काही गेलेलं नाही. पण अडली की ती चालायची थांबते, सावली बघून उभी राहते, ज्या वस्तूबद्दल सांगायचं तिच्यावर हात ठेवते आणि शब्दाची वाट बघते. आणि तिच्याबरोबर सगळा घोळका वाट बघतो. एक बाई सारखी पंख्यानं वारा घेत होती, ठमी अडली की तिचा पंखा थांबायचा. कुणी घड्याळ बघितलं नाही, कुणी हसलं नाही. शब्द आला की पुढचं वाक्य घडघडीत. मला एकसारखं वाटत होतं, की शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसावं आणि सांगावं, माझी आहे ती.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. बंदराच्या कडेला एक जुनं उतारूघर आहे, लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना दगडी बाकं. ठमी सांगायला लागली, की जहाजावरून उतरलेल्या माणसांना पूर्वी इथे, आणि ‘ब’वर अडली. बाकावर हात ठेवून उभी राहिली. मला तुमची शपथ, माझं मलाच कळलं नाही. त्या शांततेत माझाच आवाज मी ऐकला, “बांधून ठेवत!”

घोळक्यात एकदम हळहळ पसरली. एका लठ्ठ गृहस्थांनी भिंतीतल्या लोखंडी कड्यांचा फोटोसुद्धा काढला. त्या कड्या कंदील अडकवायच्या होत्या, हे नंतर कळलं. एवढं बजावूनही मी मदत केली होती, पोरीची फेरी माझ्या तोंडानं बाद झाली होती. परीक्षक बाई मागून पुढे आल्या. ठमी माझ्यावर डाफरली नाही, रडकुंडीला आली नाही. अनोळखी बाईशी बोलावं तसं माझ्याकडे बघून म्हणाली, “नाही बाई, बांधून नाही. जरा थांबा, मी सांगते.”

आणि तिनं आम्हा सगळ्यांना थांबायला लावलं. ‘थांबवून ठेवत’ म्हणाली असती तर सुटली असती. लहानपणी ती तेच करायची, अडणारा शब्द टाकून दुसरा सोपा उचलायची, आठवतं ना? पण तिला जो शब्द हवा होता तो तिनं बदलला नाही. बऱ्याच वेळानं तो आला. “बसवून ठेवत.” मग तिनं सांगितलं, की डॉक्टर तपासून सोडीपर्यंत अख्ख्या जहाजाची माणसं या बाकांवर बसून असायची, एकमेकांची भाषा न कळणारी, आणि गावातली माणसं खिडकीशी येऊन आपलं कुणी आलंय का ते बघून जायची. बाकांचे दगड बसून बसून मधोमध खोलगट झालेत. सगळ्यांनी हात फिरवून पाहिले, मीही पाहिले.

त्या वेळी मला कोण आठवलं असेल? तुम्ही. शाळेतली ती भाषणाची स्पर्धा. ठमी व्यासपीठावर पहिल्याच शब्दाला अडली आणि तुम्ही पुढच्या रांगेतून उठून तिचं सगळं भाषण स्वतःच म्हणून टाकलंत, हातवाऱ्यांसकट. टाळ्या तुम्हालाच पडल्या. येताना तिचा हात तुम्ही घरापर्यंत सोडला नव्हता. तेव्हापासून आपल्याकडे हेच चालत आलं, तिनं सुरू करायचं आणि आपण पुरं करायचं. लेकीचं मन आपल्याला न बोलता कळतं याचा आपल्याला कोण अभिमान! तिची ती निळी छत्री आठवते? दुकानात ती ‘नि’वर अडली आणि आपण निळी छत्री घेऊन मोकळे झालो. तिला नुसतं निवांत बघायचं होतं, असं परवा हसत हसत सांगत होती. छत्री अजून वापरते मात्र.

फेरी संपल्यावर मी परीक्षक बाईंना गाठलं. म्हटलं, मी तिची आई, चूक माझी आहे, तिला शिक्षा नको. त्या बाई फार गंभीर चेहऱ्याच्या. म्हणाल्या, “मदत केली तर फेरी बाद होते. तुम्ही मदत कुठे केलीत? तुम्ही अडचण केलीत, आणि ती त्यांनी चांगली निभावली.” पास केलंन तिला! बिल्ला मिळालाय, पितळी आहे. मीच तो तिच्या सदऱ्याला लावून दिला, वजनानं कापड ओघळू नये म्हणून आतून दुहेरी पट्टी घातली. या एवढ्या जुन्या, तोऱ्याच्या शहराची ओळख परक्या माणसांना करून द्यायचा अधिकार आता आपल्या ठमीला आहे. घरमालकिणीला सांगितलं, खालच्या दोरखंडवाल्याला सांगितलं, आणि परतीचं तिकीट काढताना खिडकीतल्या कारकुनालाही सांगितलं. तिकीट एकच काढलं हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आता पत्र का, ते. फोनवर मी ‘ठमी’ म्हटलं असतं की ‘येतेय ना, कोणत्या बोटीनं’ असं म्हणून तुम्ही माझं वाक्य पुरं केलं असतं. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. रविवारी सकाळी ती तुम्हाला फोन करणार आहे, मला मध्ये न घेता, पहिल्यांदाच. त्या ऑफिसातल्या जागेचं काय ते तिचं ती सांगेल. ती काय म्हणणार ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही एव्हाना कळलं असेल, पण मी ते इथे लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहे, ती सगळ्यात जास्त ‘बाबा’ या शब्दालाच अडते, म्हणून तर इतकी वर्षं फोनवर मलाच बोलावून ‘त्यांना सांग’ म्हणत आली. या वेळी तिला तो म्हणायचाय. फोन उचललात की आधी काहीच ऐकू येणार नाही. लाइन गेली असं समजू नका, हॅलो हॅलो करू नका, ‘बोल ठमे’सुद्धा म्हणू नका. खुर्ची ओढून घ्या आणि नुसते बसून राहा. ती येतेय.

तुमचीच,
अगं